दुधात बुडवलेले हात

माझा भुतांवर विश्वास नाही. वनस्पतिशास्त्रात पीएचडी आहे म्हणून नव्हे. पुण्यातले जागांचे भाव बघता भुतांनाही इथे राहणं परवडणार नाही, एवढंच माझं म्हणणं. तरीही श्रीधर गेला त्यानंतरचं जवळजवळ वर्षभर तो हिंजवडीच्या पॉलीहाऊसमध्ये होता, हे मी शपथेवर सांगेन. होता म्हणजे आठवणीत वगैरे नव्हे. झाडांना हात लावत होता.

श्रीधर माझा नवरा. आम्ही दोघंही माधवच्या बियाणं कंपनीत टोमॅटोच्या रोगांवर काम करायचो. कंपनीने हिंजवडीत जागा घेतली तेव्हा आजूबाजूला ऊस होता आणि संध्याकाळी परतायला एसटी मिळेल की नाही याची काळजी असायची. २००४ साली तिन्ही बाजूंना काचेच्या इमारती उभ्या होत्या. सकाळी गळ्यात ओळखपत्रं अडकवलेली पोरं बसमधून उतरायची, संध्याकाळी त्याच बसमध्ये चढून झोपायची. समोरच्या इमारतीच्या काचांवरून उलटं आलेलं ऊन दुपारी आमच्या रोपांवर पडायचं. श्रीधर म्हणायचा, "बघ हेमा, आयटीचा शेतीला झालेला एकमेव फायदा."

त्याने उभी हयात एका गोष्टीत घातली. मोझॅकला दाद न देणारा टोमॅटो त्याला हवा होता. मोझॅक म्हणजे विषाणूचा रोग. पानांवर फिकट आणि गडद हिरवे ठिपके पडतात, पानं आक्रसून दोऱ्यासारखी होतात, आणि मग फळाची आशा सोडायची. हा विषाणू नुसत्या स्पर्शाने पसरतो. हाताने, कात्रीने, कपड्याने. म्हणून पॉलीहाऊसच्या दारात दुधाचं घमेलं ठेवलेलं असायचं. दुधातली प्रथिनं विषाणूला चिकटतात आणि त्याला निकामी करतात, त्यामुळे आत जाताना दुधात हात बुडवायचे हा आमच्या धंद्यातला जुना रिवाज. नवीन माणसाला वाटायचं, ही काहीतरी पूजा चालू आहे.

श्रीधरच्या वाणाला रोग होत नव्हता. दर हंगामात आम्ही रोगट पानांचा रस काढून त्याच्या रोपांना चोळायचो आणि शेजारच्या कक्षात बाजारातल्या साध्या वाणाच्या रोपांनाही चोळायचो. ही साधी रोपं तुलनेसाठी, म्हणजे 'कंट्रोल्स', आणि ती माझ्याकडे असायची. दोन आठवड्यांत माझी रोपं वाळक्या भाजीसारखी दिसायला लागायची. त्याची टवटवीत. आपल्या रोपांना तो कुणाला हात लावू द्यायचा नाही. लावणी तो करणार, पानांच्या बगलेतले जादा कोंब, बगलफुटी, तो खुडणार, सुतळीला तो बांधणार. मलासुद्धा बंदी. मी म्हणायचे, "एवढी सेवा माझी केली असतीस तर मीही निरोगी राहिले असते."

एके दिवशी सकाळी त्या रोपांमध्येच स्टुलावर बसल्या बसल्या त्याचं हृदय बंद पडलं. मी डबा घेऊन गेले तेव्हा तो मान खाली घालून बसला होता. मला वाटलं पानं बघतोय.

माधव भेटायला आला. तो आमच्यापेक्षा लहान, श्रीधरला फार मानायचा. म्हणाला, "वहिनी, एक शेवटची चाचणी राहिली आहे. ती झाली की वाण बाजारात आणू. नाव ठरलंय. श्रीधर."

आम्हाला मूलबाळ नाही, आणि त्याचं दुःख आम्ही कधी धरून बसलो नाही. पण त्या क्षणी मला वाटलं, हे बारसंच आहे. या माणसाला आयुष्यात बढती मिळाली नाही, पुरस्कार मिळाला नाही. सत्काराच्या शालीसुद्धा दोनच, आणि दोन्ही पॉलिस्टरच्या. आता महाराष्ट्रातल्या शेताशेतात लोक म्हणणार होते, यंदा श्रीधर लावलाय. मला ते हवं होतं. इतकं हवं होतं की मी तेरावा उरकला आणि लगेच कामावर गेले.

दाराजवळच्या खुंटीवर त्याचा अॅप्रन लटकत होता, त्या दिवशी कुणीतरी अंगातून काढून ठेवलेला. मी तो अंगात घातला. मला मोठा होत होता, पण त्याला श्रीधरचा वास होता, उग्र, किंचित गोड, टोमॅटोच्या पानांसारखा. मी तो धुतला नाही आणि धुवूही दिला नाही. विचार करताना खिशात हात घालून उभं राहायची श्रीधरची सवयही मला त्या अॅप्रनबरोबर लागली.

आता त्याची रोपं आणि तुलनेची रोपं, दोन्ही मीच लावली. रोग चोळला. आणि वाट बघितली.

दोन आठवडे झाले. श्रीधरची रोपं टवटवीत. माझी साधी, बाजारातली, दरवेळी मरायला टेकणारी रोपं, तीही टवटवीत.

मला वाटलं रस जुना झाला. ताजा रस काढून पुन्हा चोळला. काही नाही. मांजरी गावच्या नर्सरीतून नवा ट्रे आणला, ती रोपं वाढवली, चोळली. काही नाही. आमच्या शेजारणीच्या गॅलरीतलं, तिने किती मायेने वाढवलंय ते रोज ऐकवून मला हैराण करणारं रोप मागून आणलं, कुंडी बदलली, काही दिवसांनी चोळलं. तेही ढिम्म. पॉलीहाऊसमध्ये आलेल्या एकाही झाडाला आता रोग होईना.

मी घाबरले का? खरं सांगायचं तर आधी मला बरं वाटलं. दुपारी समोरच्या काचांचं ऊन आत यायचं, पानं हलायची, आणि मला वाटायचं की रांगेच्या त्या टोकाला तो वाकून काहीतरी खुडतोय. मी बोलायला लागले. "आता माझ्या रोपांनाही हात लावतोस होय? जिवंत असताना इकडे फिरकला नाहीस." थर्मासमधला चहा मी दोन कपांत ओतायचे आणि दोन्ही मीच प्यायचे, कारण वाया घालवायची आमच्या घरात पद्धत नाही.

भीती नंतर वाटली. एका सकाळी अॅप्रन घरी राहिला. घरी कशाला नेला होता ते विचारू नका. उशीजवळ ठेवून झोपायचे. त्या दिवशी मी नुसत्या साडीवरच एक ट्रे लावला. त्यातलं प्रत्येक रोप पुढे आजारी पडलं. बाकी सगळं पॉलीहाऊस हिरवंगार आणि मधोमध तेवढाच एक ट्रे झडलेला. मला वाटलं, तो रागावलाय. मी त्याला घरी नेऊन ठेवलं आणि इथे त्याच्याविना काम केलं, म्हणून. त्या दिवसापासून मी अॅप्रनशिवाय आत पाऊल टाकलं नाही. बाई विज्ञानात पीएचडी आहे, हे वाचताना ध्यानात असू द्या.

हे सगळं मी कुणाला सांगितलं नव्हतं. पण पूर्वाला दिसत होतं. पूर्वा आमच्याकडे नुकतीच लागलेली संशोधक, खडकीच्या अॅम्युनिशन फॅक्टरीच्या क्वार्टर्समध्ये वाढलेली. बोलण्यात निम्मं इंग्रजी, आणि तोंडावर खरं बोलायची वाईट खोड.

"मॅडम, कंट्रोल्स क्लीन आहेत म्हणजे एक्सपेरिमेंट गंडलाय. हे असं सबमिट नाही करता येणार."

"मला कळतं ते."

"मग मी यांचे स्मॉल आरएनए बघू का? इन्फेक्शनच्या आधीच. एकदा बघूच ना."

हे जरा सांगायला हवं. मोझॅकचा विषाणू म्हणजे आरएनएचा एक लांब धागा. झाडात शिरला की तो स्वतःच्या नकला काढतो, आणि त्या गडबडीत धाग्याला धागा चिकटून दुहेरी होतो. झाडाच्या पेशीला असा दुहेरी धागा दिसला की ती त्याचे बारीक बारीक तुकडे करते, तेच हे स्मॉल आरएनए. पण ते तुकडे ती फेकून देत नाही, जपून ठेवते. सोसायटीच्या वॉचमनला चोराचा फोटो देऊन ठेवावा तसं. पुढे त्याच जातीचा विषाणू पुन्हा आला की तुकड्याशी ताडून बघायचं, जुळला की कापायचा. या तुकड्यांची खबर खोडातून वर वर जाते, अजून न उमललेल्या पानांपर्यंत. झाडाला मेंदू नाही, पण एकदा अंगाला लागलेलं ते विसरत नाही. श्रीधरला या शोधाचं फार कौतुक होतं. तेव्हा तो नवा होता, परदेशातून लेख यायचे आणि तो मला जेवताना वाचून दाखवायचा.

पूर्वाने रोग न चोळलेल्या रोपांची पानं नेली. तिच्या जुन्या कॉलेजातल्या प्रयोगशाळेत तपासणी करून तिने एक्स-रे फिल्म आणली आणि खिडकीला धरली. ज्या झाडाला विषाणू कधी भेटलेलाच नाही, त्याची जागा फिल्मवर कोरी असायला हवी. एकही जागा कोरी नव्हती. श्रीधरचं रोप, मांजरीचं रोप, शेजारणीचं रोप, सगळ्यांखाली काळा पट्टा.

"ही झाडं आधीच लढून बसलीत, मॅडम. कुणीतरी यांना व्हायरस दिलाय. खूप माइल्ड, पानावर काही दिसत नाही असा. आणि तो आत आहे म्हणून आपला व्हायरस चालत नाहीये."

"कुणी दिलाय?"

मी विचारलं ते उगाच. कारण उत्तर मला ठाऊक होतं, निदान तसं वाटत होतं. इतके महिने मी एकटी ज्याच्याशी बोलत होते, तो आता फिल्मवर आला होता.

 पूर्वा जवळ आली, तिने नाक आक्रसलं आणि म्हणाली, "मॅडम, रागावू नका. तुम्ही तंबाखू खाता?"

"काय?"

"वास येतो. रोज येतो. माझे पप्पा खातात, मला लगेच कळतो. मी म्हटलं, मॅडमचं टेन्शन असेल, आपण कशाला बोला."

  मी खिशातून हात काढला आणि बोटांचा वास घेतला. उग्र. किंचित गोड. मी खिसा उलटा केला. शिवणीत तपकिरी चुरा अडकला होता, आणि चुन्याचा पांढरा डाग.

तंबाखू आणि टोमॅटो एकाच कुळातले. आमचा विषाणू मुळात तंबाखूचाच. सुकवलेल्या, कुटलेल्या पानांतही तो वर्षानुवर्षं जिवंत राहतो, म्हणून तंबाखू खाणाऱ्याला आम्ही पॉलीहाऊसमध्ये घेत नाही. दारावर तशी पाटीच होती, श्रीधरच्या अक्षरात: 'तंबाखू खाणाऱ्यांनी झाडांना हात लावू नये. कपाळाला लावावा.' आणि हाच माणूस मला सोडली म्हणून सांगून रोज सकाळी आपल्या रोपांमध्ये बसून तंबाखू मळत होता. बगलफुटी खुडताना त्याच बोटांनी एकेका रोपाला विषाणू लावत होता. योगायोगाने सौम्य जातीचा. घमेल्यातल्या दुधात हात बुडवून आत जायचा, आणि आत गेल्यावर खिशात हात घालायचा. त्याचा टोमॅटो मोझॅकला दाद देत नव्हता, कारण त्याने तो आधीच अलगद आजारी करून ठेवलेला होता. वाणात काहीही नव्हतं. जे होतं ते त्याच्या बोटांत होतं. आणि तो गेल्यावर माझ्या.

मला इतका संताप आला की मी मोठ्याने म्हणाले, "मूर्ख माणूस!" पूर्वा दचकली. आयुष्यभराचं काम, आणि चिमूटभर तंबाखूने घालवलं. माझ्याशी खोटं बोलला ते वेगळंच. आणि ज्या वासाला मी नवरा समजून उशाशी घेऊन झोपत होते, तो पानाच्या टपरीवर पुडीत मिळतो.

माधवला सांगितलं. त्याने सगळं ऐकून पेनचं टोपण मिटलं. मग म्हणाला, "वहिनी, तो विषाणू बियांच्या सालीवर राहतो ना?"

"राहतो."

"म्हणजे शेतकऱ्याने बी पेरलं, रोप उपटून लावलं की विषाणू आपोआप रोपात. रोप वाचणार. मग अडचण काय? कुणाचं नुकसान आहे?"

खोटं बोलत नाही, मी त्या प्रश्नावर एक रात्र काढली. काहीच करायचं नव्हतं. नुसतं गप्प राहिलं की पुरे. नाव लागलं असतं, छापील पाकिटावर, टोमॅटोच्या चित्राखाली. वर तो सगळीकडे पसरला असता, हजारो रोपांत, खरोखरीचा. कुठल्या विधवेला नवरा एवढा परत मिळतो?

पण सालीवरचा विषाणू दरवर्षी सारखा उरत नाही. एखादा शेतकरी बी धुऊन घेईल, त्याचं पीक जाईल. सौम्य जात कधी बिघडून जहाल होईल याचा नेम नाही. शेजारच्या मिरचीत शिरली तर तिथे ती सौम्य राहीलच असंही नाही. सकाळी मी माधवला फोन केला. "आपण बी विकतो की माझ्या नवऱ्याचे हात?" तो म्हणाला, तुम्ही म्हणाल तसं. पण एक संधी होती, आणि ती मीच मागून घेतली. कदाचित वाणातही थोडं काही असेल. विषाणू पुसून टाकून एकदा खरी चाचणी करू. झाडं वाचली तर नाव त्याचं.

मग आम्ही त्याला पुसायला घेतलं. दुसरा शब्द मला सुचत नाही. त्याची सगळी झाडं उपटली, फळांसकट, आणि जाळली. सुतळ्या जाळल्या. कात्र्या क्षाराच्या पाण्यात टाकल्या, बिया त्यातच बुडवून धुतल्या. बाक, कड्या, नळाची चावी, तो ज्यावर बसून गेला ते स्टूल, सगळं घासलं. पूर्वा म्हणाली, "मॅडम, अॅप्रन मी करते." मी म्हटलं, नाही. बादलीत दूध ओतलं आणि अॅप्रन त्यात दाबून धरला. बुडबुडे आले. हात कोपरापर्यंत दुधात आणि मी मनात म्हणत होते, थांब, थोडा थांब. कुणाला म्हणत होते ते कळत नव्हतं. मग अॅप्रनही जाळला.

धुतलेल्या बिया पेरल्या. रोपं पूर्वाने लावली, प्रत्येक रोपाआधी दुधात हात बुडवून. मी हाताची घडी घालून दाराशी उभी राहिले. पॉलीहाऊसला आता कसलाच वास नव्हता. दुपारी काचांचं ऊन आलं, पानं हलली, रांगेच्या टोकाला कुणी नव्हतं. मी तरीही तिकडे बघायचे.

रोग चोळला. रोज सकाळी मी पूर्वाच्या आधी पोचायचे. देवाला मी कधी काही मागितलं नाही, तेव्हा मागितलं. एवढं एक असू दे. याच्या हातून एक तरी खरं झालेलं असू दे. पहिला आठवडा पानं स्वच्छ होती, आणि मला आशा वाटायला लागली. आशा वाटली याचा राग येतो अजून.

मग एका सकाळी तिसऱ्या रोपाचं शेंड्याचं पान फिकट दिसलं. मी ते उजेडाकडे धरलं. ठिपके होते. फिकट हिरवा, गडद हिरवा. शेजारचं पाहिलं. त्याच्या शेजारचं. सगळ्या रांगेवर होते.

पूर्वा आली, तिने बघितलं आणि माझ्या शेजारी उभी राहिली.  म्हणाली, "सर खोटे नव्हते मॅडम. झाडं खरंच वाचत होती."

"वाचत होती," मी म्हटलं. "तो हात लावायचा तोवर."

आणि मला रडू फुटलं. तो गेला तेव्हा नाही, स्मशानात नाही, तेराव्याला नाही. त्या रोगट रोपांच्या मधोमध उभी राहून मी पोरीसारखी रडले. झाडं आजारी पडली होती, म्हणजे आता इथे कुणी नव्हतं.